२६ वी नॉर्थ कॅरोलिना: एका कॉन्फेडरेट पलटणीची चार वर्षं

टारहील (धागाकर्ता)

अमेरिकेच्या यादवी युद्धावर इथे चर्चा निघाली की ती लिंकन, ली आणि ग्रँट यांच्याभोवतीच फिरते. एखादी पलटण कशी उभी राहिली, कुणाची पोरं तिच्यात होती, त्यांचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी लिहीत नाही. मी नॉर्थ कॅरोलिनात राहतो, म्हणजे दक्षिणेच्या फुटीर 'कॉन्फेडरेट' बाजूने लढलेल्या राज्यात. इथल्या २६ व्या पायदळ पलटणीचं नाव काढलं की लोक थेट १ जुलै १८६३ वर, म्हणजे गेटिसबर्गच्या लढाईच्या पहिल्या दिवसावर येतात, नुकसानीची टक्केवारी सांगतात आणि गप्प होतात. त्या टक्केवारीच्या मागची-पुढची माणसं मला जास्त महत्त्वाची वाटतात, म्हणून हा धागा.

पलटण उभी राहिली ऑगस्ट १८६१ मध्ये, राजधानी रॅलीजवळच्या क्रॅबट्री छावणीत. दहा कंपन्या, बहुतेक राज्याच्या मध्य आणि पश्चिम भागातल्या. अ‍ॅश आणि विल्क्स हे डोंगरी परगणे, मग कॉल्डवेल, चॅटम, मूर, वेक, युनियन, अ‍ॅन्सन. एका कंपनीत एकाच पंचक्रोशीतले लोक: भाऊ, चुलतभाऊ, मेहुणे, शेजारी. कंपन्यांची नावंही तशीच गावरान: 'हिब्रिटन गार्ड्स', 'चॅटम बॉइज', 'पी डी वाइल्ड कॅट्स'. भरतीच्या वेळी ही पद्धत फार सोयीची वाटली. गेटिसबर्गनंतर तिचा अर्थ गावागावाला कळला, कारण एका दुपारी एका परगण्यातली तरुण मंडळी एकदमच गेली.

पहिला कर्नल झेबुलन व्हान्स. वकील, माजी खासदार, गप्पिष्ट, सभा जिंकणारा माणूस. दक्षिणेच्या राज्यांनी अमेरिकेतून फुटून निघण्याच्या तो विरोधात होता. दक्षिणेने फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि लिंकनने सैन्य मागितलं तेव्हा त्याने बाजू बदलली. कवायतीत त्याला गती नव्हती. ते काम केलं लेफ्टनंट कर्नल हेन्री किंग बर्गविनने. वय १९. व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमधून नुकताच बाहेर पडलेला, शिस्तीला इतका कडक की सुरुवातीला शिपाई त्याच्या नावाने बोटं मोडायचे. गंमत बघा, याचा जन्म मॅसॅच्युसेट्सचा. आई बोस्टनची, वडील रोअनोक नदीकाठचे मोठे जमीनदार. शंभराहून जास्त गुलाम राबत त्यांच्या शेतीवर.

पहिला हिवाळा समुद्रकिनाऱ्यावर गेला आणि गोवर, हिवताप, विषमज्वराने माणसं मरू लागली. शत्रूची गोळी सुटायच्या आधीच. या युद्धात दोन्ही बाजूंना गोळीपेक्षा रोगाने जास्त माणसं मेली, हे आकड्यांच्या चर्चेत हटकून सुटतं.

पहिली लढाई १४ मार्च १८६२, न्यू बर्न. बर्नसाइडच्या युनियन, म्हणजे उत्तरेच्या सैन्याने मधली फळी फोडली, पलटणीचा मेजर कारमायकेल पडला आणि माघार घ्यावी लागली. मागे ब्राइसेस क्रीक नावाची खोल खाडी, पूल हाताशी नाही. व्हान्स घोड्यासकट पाण्यात उतरला आणि बुडता बुडता वाचला. बर्गविनने इकडून तिकडून दोन-चार होड्या मिळवल्या, थोडी थोडी करून माणसं पलीकडे पाठवली आणि स्वतः शेवटी गेला. बोटं मोडणारे शिपाई त्या दिवसापासून त्याचे झाले.

उन्हाळ्यात माल्व्हर्न हिलची लढाई झाली. ऑगस्टमध्ये व्हान्स राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडून आला आणि पलटणीने बर्गविनला कर्नल म्हणून मागितलं. ब्रिगेडियर रॅन्समला आपल्या ब्रिगेडमध्ये विशीतला कर्नल नको होता. शेवटी ही पलटणच तिथून निघाली आणि पेटिग्रूच्या ब्रिगेडमध्ये गेली. त्या बदलीनेच तिला पुढच्या वर्षी गेटिसबर्गला आणलं.

१ जुलै १८६३. पलटणीत आठशेहून थोडी जास्त माणसं. ब्रिगेडच्या डाव्या टोकाला तीच. दुपारपर्यंत नुसतं पडून राहणं. समोर गव्हाचं शेत, मग विलोबी रन हा ओढा, त्याच्या काठाने काटेरी झुडपांची दाट रांग, आणि पलीकडच्या झाडीत चढावर २४ वी मिशिगन, 'आयर्न ब्रिगेड'मधली पलटण. दुपारी तीनच्या सुमारास हुकूम आला.

शेतातून रांग नीट गेली. ओढ्यापाशी झुडपांनी ती अडवली, माणसं मध्यावर गोळा झाली आणि नेमक्या तिथेच वरून गोळ्या आल्या. निशाण घेतलेला माणूस पडला, दुसऱ्याने उचललं, तो पडला, तिसऱ्याने उचललं. चढ चढता चढता दोन्ही रांगांमधलं अंतर वीस-तीस पावलांवर आलं. पेटिग्रूचा एक अधिकारी, कॅप्टन मॅक्रिअरी, ब्रिगेडचा निरोप घेऊन आला, त्याने निशाण उचललं आणि तोही तिथेच मेला. मग बर्गविनने स्वतः घेतलं. रांगेतला फ्रँकलिन हनीकट ते घ्यायला पुढे आला, तेवढ्यात बर्गविनच्या कुशीतून गोळी आरपार गेली. हनीकटच्या डोक्यात गोळी बसली. लेफ्टनंट कर्नल जॉन लेनने निशाण उचललं आणि पलटण पुढे नेली. मिशिगनवाले हटले. लेन वळून मागे बघत असतानाच मानेतून शिरलेली गोळी त्याच्या जबड्यातून बाहेर पडली. त्या दुपारी निशाण हातात घेऊन १३-१४ माणसं पडली.

बर्गविन दोनेक तासांत गेला. वय २१. बंदुकांच्या पेटीत घालून अक्रोडाच्या झाडाखाली पुरला. १८६७ मध्ये रॅलीच्या ओकवुड दफनभूमीत आणला.

गेटिसबर्गच्या लढाईत पलटणीचे मृत आणि जखमी ५८८. विल्यम फॉक्स या युनियनच्या माजी अधिकाऱ्याने १८८९ मध्ये दोन्ही बाजूंचे आकडे एकत्र केले. बेपत्ता आणि कैद झालेले यात धरलेले नाहीत.

आणि तरी ३ जुलैला, ज्याला सगळे 'पिकेट्स चार्ज' म्हणतात त्या हल्ल्यात, उरलेली माणसं पुन्हा रांगेत उभी होती. मेजर जॉन जोन्स पुढे. दगडी कुंपणाच्या अगदी जवळ पोचेपर्यंत पलटण मूठभर उरली. निशाण घेऊन कुंपणापर्यंत गेलेल्या ब्रुक्स आणि थॉमस या दोघांवर समोरच्यांनी गोळी झाडली नाही, हात देऊन त्यांना आत ओढून कैद केलं. मला या संपूर्ण लढाईत सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट ही.

पुढचं थोडक्यात. १४ जुलैला फॉलिंग वॉटर्सला पेटिग्रूला गोळी लागली, तीन दिवसांनी तो गेला. ऑक्टोबरात ब्रिस्टो स्टेशनला ए. पी. हिलने घाईने हल्ला चढवला, रेल्वेच्या भरावाआड बसलेल्या युनियन सैन्याने पुन्हा माणसं कापून काढली. त्यातून सावरलेली पलटण १८६४ मध्ये जबडा बरा झालेल्या कर्नल लेनच्या हाताखाली विल्डरनेस, स्पॉटसिल्व्हेनिया, कोल्ड हार्बर, पीटर्सबर्गचे खंदक आणि रीम्स स्टेशन असं सगळं लढली. ९ एप्रिल १८६५ ला अ‍ॅपोमॅटॉक्सला लीची फौज शरण गेली तेव्हा पलटणीची सव्वाशेच्या आसपास माणसं हजर होती.

---

गडवाट

सुरेख लिहिलंय दादा. एक प्रश्न सतत मनात येतोय. निशाण उचललं की मरण हे समोर दिसत असताना पुढचा माणूस ते का उचलत होता? फक्त मानापायी?

---

टारहील

गडवाट, मान होताच, पण निशाणाचं एक रोखठोक कामही होतं. आठशे माणसं दोन रांगांत खांद्याला खांदा लावून उभी राहिली की ती रांग दोन-अडीचशे मीटर लांब होते. काळ्या दारूचा धूर इतका की पन्नास पावलांवरचं दिसत नाही, आणि आवाजात हुकूम ऐकू येत नाही. मग टोकाच्या माणसाने कळायचं कसं की पुढे जायचं, थांबायचं की मागे यायचं? मध्यावरच्या निशाणाकडे बघून. ते पुढे गेलं तर पलटण पुढे. ते खाली पडलं आणि तसंच राहिलं तर रांग विस्कटते, आणि विस्कटलेल्या रांगेत माणसं जास्त मरतात. त्यामुळे जवळच्या माणसाला ते उचलणं भागच होतं. समोरच्यांनाही हे माहीत होतं म्हणून ते नेम तिकडेच धरत.

समोर २४ व्या मिशिगनचं काही वेगळं नव्हतं. त्यांच्या ४९६ पैकी ३६३ गेले. त्यांचे निशाणधारीही एकापाठोपाठ एक पडले, कर्नल मॉरोने स्वतः निशाण धरलं आणि डोक्याला गोळी लागून तो कैद झाला.

---

सांजवात

लेख आवडला, पण एक गोष्ट स्पष्ट बोलायलाच हवी. ही पलटण ज्या सरकारसाठी लढली ते गुलामगिरी टिकवण्यासाठीच उभं राहिलं होतं. १८६० च्या शिरगणतीत नॉर्थ कॅरोलिनाची साधारण एक तृतीयांश वस्ती गुलाम होती. धाग्यात बर्गविनच्या घरच्या गुलामांबद्दल एकच वाक्य आहे आणि निशाणाबद्दल दोन परिच्छेद.

आपल्याकडे ही बाजू फार लवकर कळली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' काढली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी काळ्या लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी स्वतःची पर्वा केली नाही. पुण्यात बसून त्यांनी या युद्धातून नेमकं काय उचललं बघा. मिशिगनच्या त्या ३६३ माणसांचं ऋण एका मराठी माणसाने मान्य केलं आणि आपल्या शूद्र बांधवांना ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवताना देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. २६ व्या पलटणीच्या शौर्याबद्दल वाचताना हे पान माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि न्यू बर्नचं पुढे काय झालं तेही लिहा. ते युनियनच्या हाती गेल्यावर आजूबाजूच्या मळ्यांतून हजारो गुलाम पळून तिथे आले. १८६३ मध्ये त्याच गावात, त्याच लोकांतून काळ्या शिपायांची एक पलटण उभी राहिली, ती पुढे ३५ वी म्हणून ओळखली गेली. एब्राहम गॅलोवे या स्वतः गुलामीतून निसटलेल्या माणसाने त्या भरतीसाठी जीव तोडून काम केलं. ही माणसंही नॉर्थ कॅरोलिनाचीच. त्यांना कुणी 'नॉर्थ कॅरोलिनाचे शूर' म्हणताना मी तरी ऐकलं नाही.

---

टारहील

सांजवातताई, शब्दन् शब्द मान्य, आणि न्यू बर्नचा धागा तुम्ही जोडलात याबद्दल मनापासून आभार. २६ वी पलटण ज्या गावातून हटली तिथेच पुढच्या वर्षी ३५ वी उभी राहावी, आणि फेब्रुवारी १८६४ मध्ये तीच फ्लोरिडात ओलस्टीला लढावी, हा एकाच राज्याचा एकाच वेळचा इतिहास आहे. तो एकत्रच सांगितला पाहिजे.

त्यात माझ्याकडून एक नाव. किन्सियन. हा बर्गविनबरोबर छावणीत असलेला गुलाम. मालक मेल्यावर त्याचं सामान घेऊन हा माणूस पेन्सिल्व्हेनियातून, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यातून, परत दक्षिणेला गेला. जुन्या लिखाणात याला 'स्वामीनिष्ठा' म्हणून कौतुकाने रंगवलंय. मला ते वाचवत नाही. त्याचं घर, त्याची माणसं तिकडे होती, आणि तो का परतला हे त्याला कुणीही विचारून लिहून ठेवलं नाही. कर्नलच्या प्रत्येक पत्राला जपणाऱ्या लोकांनी किन्सियनचं एक वाक्य जपलं नाही.

डोंगरी परगण्यांतल्या शिपायांपैकी बहुतेकांच्या घरी गुलाम नव्हते. एप्रिल १८६२ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला, आणि ऑक्टोबरमध्ये वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यावरच्या एका गोऱ्या माणसाला त्यातून सूट मिळाली. अ‍ॅश किंवा विल्क्समधल्या शेतकऱ्याने यातून काय समजायचं? हे युद्ध श्रीमंतांचं आणि लढाई गरिबांची, ही तक्रार तेव्हाच घरोघरी होती. चॅटम, मूर, विल्क्स या भागात पळून आलेले शिपाई जंगलात लपून राहत आणि होमगार्ड त्यांना शोधत फिरे. त्या होमगार्डला हुकूम देणारा गव्हर्नर कोण, तर याच पलटणीचा पहिला कर्नल व्हान्स. १८६४ ला शांततेच्या मुद्द्यावर उभ्या राहिलेल्या होल्डनला त्याने निवडणुकीत हरवलं.

---

कापूसकोंड्या

फुल्यांचा उल्लेख आला म्हणून दुसरा दुवा. दक्षिणेची बंदरं युनियनच्या आरमाराने अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तो गेला आपल्याकडून. खानदेश, वऱ्हाड, हिंगणघाट. मुंबईत पैसा असा ओतला गेला की प्रेमचंद रायचंदांच्या काळातली ती शेअरबाजी आणि बॅकबेचा भराव आजही दाखले म्हणून सांगतात. एप्रिल १८६५ ला ही सव्वाशे माणसं तिकडे हत्यारं ठेवत होती आणि त्या बातमीने कापसाचा भाव कोसळला. त्याच वर्षी मुंबईत बँका आणि पेढ्या बुडाल्या. विदर्भातल्या माणसाने हे युद्ध परकं समजू नये एवढंच माझं म्हणणं.

---

रानवाटा

या पलटणीत एक बाई होती ना? मॅलिंडा ब्लेलॉक?

---

टारहील

होय! कॉल्डवेलच्या एफ कंपनीत. मार्च १८६२ मध्ये कीथ ब्लेलॉक भरती झाला आणि त्याची बायको मॅलिंडा केस कापून, पुरुषाचे कपडे घालून 'सॅम' नावाने त्याचा भाऊ म्हणून शेजारी उभी राहिली. कीथ मनाने युनियनचा. भरती होऊन संधी मिळताच पलीकडे जायचं असा त्याचा बेत होता, पण पलटण शत्रूच्या जवळपासही नव्हती. शेवटी तो कपडे काढून विषारी झुडपात लोळला, अंगभर फोड आले, आणि डॉक्टरांनी साथीच्या भीतीने त्याला घरी पाठवलं. मग 'सॅम'ने आपण कोण ते सांगून टाकलं आणि तिलाही सोडावं लागलं. पुढे दोघं डोंगरात युनियनच्या बाजूने लढले, पळून जाणाऱ्यांना टेनेसीच्या वाटा दाखवल्या.

ती त्या कंपनीत राहिली असती तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. एफ कंपनीचे ९१ जण गेटिसबर्गला गेले आणि ते जवळपास सगळे मेले किंवा जखमी झाले. त्यांच्यात जुळे भाऊही होते.

---

मोडीवाचक

आकड्यांबद्दल. अँटिटमच्या लढाईत १ ल्या टेक्सास पलटणीचे २२६ पैकी १८६ गेले, म्हणजे ८२ टक्के. मग सगळ्यात जास्त नुकसान २६ वीचं असं लोक म्हणतात ते कसं?

---

टारहील

मोडीवाचक, टक्केवारीत टेक्सास वर आहे, संख्येत २६ वी. गेटिसबर्गला दोन्ही बाजूंच्या दुसऱ्या कुठल्याच पलटणीची एवढी माणसं गेली नाहीत. पण ही शर्यत मला नको वाटते. टक्केवारी मोजायची तर १५१ वी पेन्सिल्व्हेनियाही मोजा, तीच मिशिगनच्या मागे उभी होती आणि तिचे ४६७ पैकी ३३७ गेले.

त्याऐवजी बँडबद्दल सांगतो. सेलम गावच्या मोरेव्हियन पंथातले वादक, म्होरक्या सॅम्युएल मिकी. लढाईच्या वेळी हे जखमी उचलायला आणि डॉक्टरांच्या हाताखाली. १ तारखेची रात्र त्यांनी जखमींत काढली, आणि २ तारखेला हुकूम आला की वाजवा, उरलेल्यांचा धीर खचतोय. ११ व्या पलटणीच्या बँडबरोबर ते तोफांच्या माऱ्यात वाजवत राहिले. त्यांची स्वरलिपीची हस्तलिखित पुस्तकं आजही विन्स्टन-सेलमला जपून ठेवलेली आहेत. त्यावरून आजचे वादक तेच संगीत वाजवतात.

---

सांजवात

लेनचं पुढे काय झालं?

---

टारहील

चॅटम परगण्यात परतला, म्हातारा झाला. त्याच्यावर ती गोळी झाडणारा २४ व्या मिशिगनचा सार्जंट मॅकॉनेलही जगला. १९०३ मध्ये लढाईला चाळीस वर्षं झाली तेव्हा दोघं गेटिसबर्गला भेटले, हात मिळवला, लेनने भाषण केलं. ते छायाचित्र छान आहे, पण तुमचा मुद्दा इथेही लागू होतो, ताई. १८९८ मध्ये याच राज्यातल्या विल्मिंग्टनला गोऱ्या जमावाने काळ्या लोकांना ठार मारून निवडून आलेलं नगरशासन उलथवलं, आणि १९०० मध्ये घटनादुरुस्ती करून त्यांचा मताधिकार हिरावून घेतला. उत्तर-दक्षिणेच्या गोऱ्या शिपायांचा समेट झाला त्या वर्षांत हे चालू होतं. व्हान्सच्या नावाचा अ‍ॅशव्हिलमधला उंच दगडी स्तंभ २०२१ मध्ये उतरवायला घेतला, तेव्हा इथे खूप भांडणं झाली. माझं मत: स्तंभ गेला ते योग्य झालं, आणि शिपायांची थडगी नीट राखली जावीत हेही योग्य.

---

गडवाट

पुढच्या महिन्यात फिलाडेल्फियाला लेकीकडे येतोय. गेटिसबर्ग एका दिवसात होईल का? ही पलटण लढली ती जागा कुठे?

---

टारहील

होईल काका, सकाळी लवकर निघा. बहुतेक बस थेट दगडी कुंपणाकडे नेतात, तुम्ही आधी गावाच्या पश्चिमेला मेरेडिथ अ‍ॅव्हेन्यूला जा. हर्बस्ट वूड्सच्या झाडीत २४ व्या मिशिगनचं स्मारक आहे आणि तिथून जवळच २६ व्या नॉर्थ कॅरोलिनाचा दगड. दोन्हींमधलं अंतर चालून बघा, खाली ओढ्यापर्यंत उतरा. पाऊस झालेला असेल तर चिखलाचे बूट हवेत. दुपारी ब्रायन यांच्या कोठाराकडे या, ३ जुलैचा दुसरा दगड तिथे कुंपणापुढे आहे. ते घर आणि कोठार एब्राहम ब्रायन या स्वतंत्र काळ्या शेतकऱ्याचं होतं. कॉन्फेडरेट सैन्य येतंय म्हटल्यावर, पकडून दक्षिणेला विकतील या भीतीने तो बायकापोरांना घेऊन निघून गेला होता. त्या कोठारापाशी थोडं थांबा. रॅलीला आलात तर ओकवुडला मी घेऊन जातो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.